निकालानंतर प्रश्नपत्रिकेचे काय होते?

विद्यापीठाचा निकाल लागला की परीक्षेचे काम संपले, असे आपण धरून चालतो. पुढे जे काही घडते ते एकेका विद्यार्थ्यापुरते. कोणी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतो, कोणी पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरतो, कोणी एटीकेटीच्या आधारावर पुढच्या वर्षात सरकतो. या धावपळीत ज्या प्रश्नपत्रिकेने हा निकाल दिला, तिच्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. तिच्यातला चौथा प्रश्न हुशार मुलांनाही का सुटला नाही, दुसऱ्या प्रश्नात जवळपास सगळ्यांना सारखेच गुण का पडले, अभ्यासक्रमातल्या एका अख्ख्या घटकावर कोणी काहीच का लिहिले नाही, याची विचारपूस होत नाही. पेपर झेरॉक्सच्या दुकानात ‘मागील वर्षांचे पेपर’ म्हणून विकला जातो आणि विद्यापीठाच्या लेखी तो इतिहासजमा होतो. एखाद्या विषयाचे सत्र संपल्यावर त्या विषयाच्या मूल्यमापनाचा आढावा घेणे हा परीक्षेचाच अखेरचा आणि अनिवार्य टप्पा मानला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. तो टप्पा गाळून आपण ज्या परीक्षासुधारणा करत आलो, त्यांनी परीक्षेचे वेळापत्रक आणि गुणांची मांडणी बदलली. परीक्षा नेमके काय मोजते, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

हा टप्पा गळाला त्यामागे केवळ आळस किंवा अनास्था नाही. आपल्या विद्यापीठांची घडणच तशी झाली. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा लंडन विद्यापीठाचा नमुना समोर होता: महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. अध्यापन हे विद्यापीठाचेही काम आहे, ही गोष्ट १९०४ च्या कायद्याने मान्य झाली आणि मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा स्वतःचा अध्यापन विभाग १९१९ मध्ये सुरू केला. म्हणजे आयुष्याची पहिली सहा दशके हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा ठेवण्यामागे एक सद्हेतू होता. आपल्या विद्यार्थ्यांना झुकते माप देण्याचा मोह शिक्षकाला होऊ नये आणि लहान गावातल्या महाविद्यालयाच्या पदवीलाही मुंबईतल्या पदवीइतकीच किंमत यावी, हा तो हेतू. ही नि:पक्षपातीपणाची हमी खोटी नव्हती, आजही नाही. पण तिची किंमत आपण कधी हिशेबात धरली नाही. शिकवणे आणि परीक्षा यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली, तिने पक्षपात अडवला तसा अनुभवही अडवला.

ही भिंत आज कशी काम करते ते संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेत स्पष्ट दिसते. एका विषयाच्या परीक्षेबद्दलचे ज्ञान चार जणांत वाटलेले असते. वर्गात काय शिकवले, मुले कुठे अडखळली, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असते; पण पेपर त्याने काढलेला नसतो. पेपर काढणारा गोपनीयतेच्या नियमाने बांधलेला; त्याने प्रश्नसंच करून बंद पाकिटात दिले की त्याचा संबंध संपला. आपल्या प्रश्नांना मुलांनी काय उत्तरे दिली, हे त्याला बहुधा कधीच दिसत नाही. कॅप सेंटरवर, म्हणजे केंद्रीय मूल्यांकन केंद्रावर, बसून गठ्ठे तपासणाऱ्या परीक्षकाला ते दिसते. अमुक प्रश्नाचा अर्थ मुलांनी दोन तऱ्हांनी लावला आहे, आदर्श उत्तरात एक पायरी चुकली आहे, हे त्याच्या पहिल्या पन्नास उत्तरपत्रिकांत लक्षात येते. पण ते कोणाला कळवायचे याची जागाच नाही आणि त्याचे मानधन ठरते ते उत्तरपत्रिकांच्या संख्येवर. चौथे अभ्यास मंडळ. ते काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलते तेव्हा या तिघांकडची माहिती त्याच्या टेबलावर नसते. तिच्या जागी असतात इतर विद्यापीठांचे अभ्यासक्रम आणि सदस्यांची मते. गंमत अशी की जुन्या पेपरांचा बारकाईने अभ्यास करणारे लोक आहेत. ते विद्यापीठाबाहेर आहेत. गाइडांचे प्रकाशक आणि क्लासचालक पाच-पाच वर्षांचे पेपर उलगडून कोणता प्रश्न किती वेळा आला, कोणता घटक सोडला तरी चालेल, हे मुलांना सांगतात. परीक्षेचे विश्लेषण करून तिला चकवणारा उद्योग उभा राहिला आणि तेच विश्लेषण करून तिला सुधारणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

परीक्षा हे मोजमापाचे साधन आहे आणि साधन चुकू शकते, ही गोष्ट नवी नाही. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीच्या त्याच त्या दोन उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी दिलेल्या गुणांत एका उत्तरपत्रिकेच्या बाबतीत तीसहून अधिक आणि दुसरीच्या बाबतीत चाळीसहून अधिक गुणांचा फरक पडला. फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमधील परीक्षांवर प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याहून अस्वस्थ करणारा आहे. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका परीक्षकांनी तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्यांच्यापैकी चौदा जणांसमोर पुन्हा ठेवल्या गेल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय, म्हणजे उत्तीर्ण, अनुत्तीर्ण की विशेष श्रेणी हे ठरवणारे निर्णय, त्याच परीक्षकांनी दुसऱ्या वेळी बदलले. यातल्या हार्टॉग यांचा आपल्याशी जवळचा संबंध होता. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाचे ते सदस्य होते आणि पुढे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. स्वतंत्र भारतात राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या आपल्या अहवालात, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल, असे म्हटले. त्यानंतर कोठारी आयोग आला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे परीक्षासुधारणेचे आराखडे आले. दोष ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

मग एवढ्या वर्षांत दुरुस्तीचा कोणता मार्ग आपण उघडला? वैयक्तिक दाद मागण्याचा. त्याचीही वाट सरळ नव्हती. महाराष्ट्रातल्याच शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा हक्क म्हणून मागता येणार नाही, असा निकाल दिला. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारात येते आणि विद्यार्थ्याला ती पाहता येईल, असे सांगितले. आज फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन हे विद्यापीठांच्या नित्याच्या कारभाराचे भाग आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण या मार्गाची मर्यादा ओळखली पाहिजे. जो शुल्क भरतो आणि ज्याला आपल्यावर अन्याय झाल्याची शंका येते, त्यालाच तो खुला असतो. ज्याला चुकून जास्त गुण पडले तो गप्प राहतो. शिवाय पुनर्मूल्यांकन तपासनिसाची चूक पकडू शकते, प्रश्नाची नाही. संदिग्ध प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या परीक्षकाने कितीही काळजीपूर्वक तपासले तरी प्रश्न संदिग्धच राहतो. भाजीवाल्याला वजनकाटा ठरावीक मुदतीने तपासून त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. गिऱ्हाईकाने तक्रार केली तरच काटा पाहू, असे वैधमापन खाते म्हणत नाही. ज्या काट्यावर लाखो मुलांची पदवी, नोकरी आणि पुढचा प्रवेश तोलला जातो, त्याची मात्र आपण तक्रारीपुरतीच दखल घेतो.

आढावा म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय ही मागणी हवेत राहील. त्याचा पहिला भाग साध्या अंकगणिताचा आहे. एका विषयाच्या उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या क्रमाने लावा. वरच्या साधारण सत्तावीस टक्के आणि तळच्या तेवढ्याच उत्तरपत्रिका घ्या. ही विभागणी मापनशास्त्रात १९३० च्या दशकापासून रूढ आहे. आता प्रत्येक प्रश्नात या दोन गटांना सरासरी किती गुण पडले ते मांडा. समजा, दहा गुणांच्या एका प्रश्नात वरच्या गटाची सरासरी सात आणि खालच्याची तीन आली. प्रश्नाने आपले काम केले. दोन्ही गटांची दोन-दोनवर अडकली, तर तो भाग शिकवलाच गेला नाही, किंवा प्रश्नाची भाषा कळली नाही, किंवा आदर्श उत्तरातच घोळ आहे. खालच्या गटाला वरच्यापेक्षा जास्त गुण मिळाले, तर मामला गंभीर आहे: बहुधा पाठ केलेल्या व्याख्येला गुण मिळाले आणि विचार करून लिहिणाऱ्याला दंड झाला. आकडे इथवर आणून सोडतात. कारण कोणते, हे कळायला उत्तरपत्रिका वाचाव्याच लागतात. म्हणून आढाव्याचा दुसरा भाग वाचनाचा: ज्या प्रश्नांवर आकडे बोट ठेवतात त्यांची पंचवीस-तीस उत्तरे दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासायची आणि मग समोरासमोर बसून फरकाचे कारण शोधायचे. प्रश्न, उत्तराचा आराखडा आणि तपासणी यांपैकी दोष कुठे आहे, हे अशा एका दुपारच्या बैठकीत जितके उलगडेल तितके नियमावलीच्या पन्नास पानांतून उलगडणार नाही.

तिसरा भाग अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचा मेळ तपासण्याचा, आणि इथे आपल्या पेपरांची एक जुनी खोड समोर येते. ‘खालीलपैकी कोणतेही तीन’ ही सूचना विद्यार्थ्यावर दया म्हणून घातली जाते. तिचा परिणाम असा की चार घटकांपैकी एक घटक मुले सरळ ‘ऑप्शनला टाकतात’. तो घटक अवघड असतो, नवा असतो किंवा गाइडात नीट दिलेला नसतो. परिणामी एकाच विषयात उत्तीर्ण झालेल्या दोघांनी प्रत्यक्षात वेगवेगळ्या परीक्षा दिलेल्या असतात आणि गुणपत्रिकेवर दोघांची श्रेणी एकच दिसते. अभ्यास मंडळाने मोठ्या चर्चेनंतर घातलेला आधुनिक घटक कागदावर राहतो. कोणता पर्याय किती जणांनी निवडला, याची साधी मोजणी झाली तरी हे उघड होईल. तसेच अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ‘विद्यार्थ्याला विश्लेषण करता येईल, उपाय सुचवता येईल’ अशी उद्दिष्टे लिहिलेली असतात आणि पेपरात मात्र ‘टिपा लिहा’ असतात. विद्यार्थी पहिले पान वाचत नाही, पेपर वाचतो. विषयाचा खरा अभ्यासक्रम कोणता, हे तो पेपरावरूनच ठरवतो आणि त्याचे बरोबर असते. म्हणून पेपर न बदलता केलेला अभ्यासक्रमातला बदल वर्गापर्यंत पोहोचत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे आता होतेच आहे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्परमान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाल्यापासून अभियांत्रिकी महाविद्यालयांत निष्पत्ती-आधारित शिक्षणाचे वारे आहे, तांत्रिक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये परीक्षासुधारणेचे धोरण काढले, महाविद्यालयांचे मानांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींसाठी इतर शाखांतही तशीच कोष्टके भरली जातात. सत्र संपले की प्रत्येक शिक्षक एक्सेलमध्ये ‘सीओ-पीओ अटेनमेंट’ काढतो: विषयाचे आणि एकूण अभ्यासक्रमाचे कोणते उद्दिष्ट किती टक्के साध्य झाले. मात्र या कोष्टकाचे गृहीतक तपासून पाहावे. प्रत्येक प्रश्न एका उद्दिष्टाला जोडला जातो, त्या प्रश्नातले गुण म्हणजे त्या उद्दिष्टाची पूर्तता मानली जाते आणि आकडा कमी आला तर ‘जादा तास घेण्यात येतील’ असे कृतीच्या रकान्यात लिहिले जाते. प्रश्न त्या उद्दिष्टाची परीक्षा खरोखर घेत होता का, हे विचारण्याची सोय कोष्टकात नाही. विद्यार्थी चुकला, शिक्षक कमी पडला, हे त्यात मावते. पेपर चुकला, हे मावत नाही. शिवाय हा आकडा महाविद्यालयाच्या मानांकनाशी जोडलेला असल्याने तो चांगला दिसावा याचे दडपण असते आणि तो चांगला दिसण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे लक्ष्य खाली आणणे किंवा अंतर्गत चाचणी सोपी करणे. आढाव्याचा सांगाडा उभा आहे हे मान्य. त्याला प्रामाणिक उत्तर देण्याची मुभा नाही, हा त्याचा दोष आहे, आणि ती मुभा मिळाली तर हाच सांगाडा उपयोगी पडेल.

या मागणीवरचा पहिला आक्षेप मनुष्यबळाचा आहे. महाविद्यालयांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर अध्यापनाचा मोठा भार आहे आणि परीक्षा विभाग एक सत्र आटोपण्याआधीच दुसऱ्याच्या तयारीला लागलेला असतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निकाल ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावण्याचे बंधन घातले आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. अशा व्यवस्थेवर आणखी एक काम लादायचे का? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. एक, आढावा निकालाच्या वाटेत येत नाही. तो निकालानंतर, पुढचा पेपर काढण्याच्या आधी व्हायचा आहे आणि तो सगळ्या उत्तरपत्रिकांचा करायचा नाही. वीस हजार उत्तरपत्रिकांच्या विषयात दोनशेंचा नीट निवडलेला नमुना पुरतो. दोन, पडद्यावर तपासणी जिथे रुळली आहे तिथे प्रश्ननिहाय गुण संगणकात आधीच नोंदले जातात. जी माहिती एकेकाळी हाताने जमवावी लागली असती ती आता साठलेली असते. फक्त बेरजेपुरती वापरून आपण ती सोडून देतो. वेळ लागतो तो वाचनाला आणि बैठकीला. त्या वेळेला उत्तरपत्रिका तपासण्याइतकेच मानधन द्यावे लागेल. तो खर्च टाळायचा असेल, तर पुनर्मूल्यांकनाच्या शुल्कातून जमणाऱ्या पैशाचा एक वाटा दोष मुळात कमी करण्यावर का खर्च करू नये, हे तरी सांगावे लागेल.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, जरी तो बहुधा कायद्याच्या भाषेत मांडला जातो. प्रश्न चुकला होता असे विद्यापीठाने लेखी कबूल केले की मुले न्यायालयात जातील, जुने निकाल उकरले जातील, पदवीवरचा विश्वास उडेल. अनुभव याच्या उलट सांगतो. जेईई आणि सीईटीसारख्या प्रवेश परीक्षांत उत्तरतालिका जाहीर होते, हरकती मागवल्या जातात, चुकीचे प्रश्न मान्य केले जातात. वाद होतात, पण ते उघडपणे होतात. आयसीएसई आणि आयएससी परीक्षा घेणारे मंडळ विद्यार्थ्यांच्या कामगिरीचे प्रश्ननिहाय विश्लेषण छापते: कोणत्या प्रश्नात मुले कुठे चुकली आणि शिक्षकांनी काय करावे. चार्टर्ड अकाउंटंट्स संस्था नमुना उत्तरांबरोबर परीक्षकांचे अभिप्रायही प्रसिद्ध करते. या परीक्षांचा दरारा त्यामुळे कमी झालेला नाही. विद्यापीठांनी पहिल्या काही वर्षांत हा आढावा पुढच्या पेपरापुरता ठेवावा, जुन्या निकालाला लावू नये, ही अटही मान्य करता येईल. अपवाद एकच: सिद्ध झालेली ढोबळ चूक, ज्यात सर्वांना त्या प्रश्नाचे गुण देण्याची पद्धत आजही आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आढाव्याच्या नावाखाली अवघड प्रश्न हळूहळू हद्दपार होतील, कारण निकालाची टक्केवारी वाढावी असे संस्थाचालक, विद्यार्थी आणि मंत्रालय या सर्वांनाच वाटते. ही भीती खरी आहे आणि निव्वळ आकड्यांवर चालणारा आढावा तिला बळीच पडेल. म्हणूनच आढाव्याचा प्रश्न ‘किती मुले उत्तीर्ण झाली’ हा असता कामा नये. अवघड प्रश्न आणि वाईट प्रश्न यांतला भेद हाच या कामाचा गाभा आहे: ज्याला थोड्यांनीच पण जाणत्यांनी उत्तर दिले तो ठेवायचा, ज्याच्यापुढे जाणता आणि अजाण सारखेच हतबल झाले तो तपासायचा. उलट बाजूनेही तीच कसोटी लागते. ज्या अंतर्गत मूल्यमापनात वर्गातल्या जवळपास सर्वांना वीसपैकी अठरा-एकोणीस गुण पडतात, ते वर्ग उत्तम असल्याचा पुरावा असू शकते किंवा कोणी काही तपासलेच नाही याचा. दोन्हींतले खरे कोणते, हे विचारणारी यंत्रणा लागते. नव्या शैक्षणिक धोरणात अंतर्गत गुणांचा वाटा वाढतो आहे आणि स्वायत्त महाविद्यालयांत शिकवणारा, पेपर काढणारा व तपासणारा बहुधा एकच शिक्षक असतो. तिथे १८५७ ची भिंत पडली आहे आणि अनुभव मोकळा झाला आहे. पण भिंतीने दिलेली नि:पक्षपातीपणाची हमीही तिच्याबरोबर गेली. ती परत मिळवायची तर दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका विषयतज्ज्ञाने सत्राच्या शेवटी काही उत्तरपत्रिका पाहून लेखी मत देणे, हा ब्रिटिश विद्यापीठांतल्या बाह्य परीक्षकासारखा उपाय आपल्याला अंगीकारावा लागेल.

हे काम कोणी करायचे, याचे उत्तर कायद्यात शोधायला फार दूर जावे लागत नाही. प्रत्येक विद्यापीठात परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे. आज त्याचा बहुतेक वेळ परीक्षेत जातो; नावातला दुसरा शब्द तसाच पडून आहे. या मंडळाने सुरुवातीला सगळे विषय घेऊ नयेत. ज्या विषयांत एटीकेटी सर्वाधिक लागते आणि ज्या विषयांत पुनर्मूल्यांकनानंतर गुण सर्वाधिक बदलतात, अशा थोड्या विषयांचा आढावा दरवर्षी सक्तीचा करावा. प्रत्येकाचा अहवाल दोन पानांपेक्षा मोठा नसावा: कोणते प्रश्न चालले, कोणते फसले, कोणता घटक परीक्षेबाहेर राहिला, आणि पुढच्या पेपरात कोणता एक बदल करायचा. हा अहवाल पुढचा पेपर काढणाऱ्याला नेमणुकीच्या पत्रासोबत मिळावा, अभ्यास मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय म्हणून यावा आणि शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयापर्यंत पोहोचावा. म्हणजे चार जणांत विखुरलेले ज्ञान पहिल्यांदा एका कागदावर येईल. निकाल किती दिवसांत लावला, यावर आज आपण विद्यापीठाला जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण पंचेचाळीस दिवसांत लागलेला चुकीचा निकालही चुकीचाच असतो. गेल्या वर्षीच्या पेपरातून विद्यापीठाने काय शिकून घेतले आणि यंदाच्या पेपरात ते कुठे दिसते, हा जाब अधिसभेत दरवर्षी विचारला जाऊ लागला, तर राधाकृष्णन आयोगाने पाऊणशे वर्षांपूर्वी मागितलेली सुधारणा अहवालातून उठून प्रश्नपत्रिकेत येण्याची काही शक्यता आहे.